दुसऱ्या समीकरणातला ताळा

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी नांदगावला, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये नववीचे चाचणीचे पेपर तपासत बसले होते. शिपायानं कार्ड टेबलाच्या कडेला ठेवलं आणि निघून गेला. असं मयताचं कार्ड कुणी हातात देत नाही. मी मजकूर नंतर वाचला, आधी अक्षर बघितलं. ही माझी सवयच आहे. कुणी लिहिलंय, मलाच का लिहिलंय, हे कळेपर्यंत मी कशावर विश्वास ठेवत नाही. आमचे हे म्हणतात, तू प्रसादसुद्धा आधी हुंगून बघतेस. असू दे. तर अक्षर विमलचं होतं. विमल म्हणजे नाशिक रोडला आमच्या शेजारच्या चाळीत राहणारी माझी शाळेतली मैत्रीण, पुढं येवल्याला दिली. बारा वर्षांत आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. खरं सांगायचं तर मीच बोलत नव्हते. तिनं तीनच वाक्यं लिहिली होती. निर्मलाताई गेल्या. रविवारी जलदान विधी आहे. तू ये. आणि त्या 'तू ये'च्या खाली एक रेघ मारली होती. मला रडू आलं नाही. लाज वाटते सांगायला, पण मला पहिली शंका आली. हिला माझा शाळेचा पत्ता कुणी दिला? आणि ही रेघ कशासाठी?

निर्मलाताई साळवे यांच्याबद्दल वर्तमानपत्रात कुणी लिहील असं काही त्यांनी केलं नाही. त्या मॅट्रिक झालेल्या होत्या आणि नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये छापून आलेले ताव तपासायचं काम करायच्या. दिवसभर एकसारख्या तावांवरून नजर फिरवायची आणि कुठं रेघ फाटली, कुठं रंग सरकला, ते हुडकायचं. माझे वडीलही तिथंच, यंत्रावर. संध्याकाळी भोंगा झाला की गेटवर रीतसर झडती देऊन माणसं बाहेर पडायची, मग सायकलींची ती गर्दी, आणि त्या गर्दीतून डोक्यावर पदर न घेता ताठ चालत येणाऱ्या ताई. आमच्या कॉलनीत झडतीचं कुणाला काही वाटायचं नाही. रोज खिसे दाखवून घरी येणाऱ्या बापांची आम्ही मुलं, आम्हीही एकमेकांचे खिसे तपासायचो. चिंचा कुणी लपवल्या, पेरू कुणी आधी खाल्ला... संशय हा आमच्याकडे भांडणाचा नव्हे, रोजच्या व्यवहाराचा भाग होता. पण ताईंचा संशय त्याहून वरच्या दर्जाचा. त्यांना भाजीवाला म्हणाला, "ताजी आहे ताई," की त्या म्हणायच्या, "कशावरून?" आणि तो बिचारा खरंच विचारात पडायचा.

ताईंनी लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आई, नंतर भाऊ-भावजय आणि त्यांची मुलं, असं त्यांचं घर. संध्याकाळी ओट्यावर चटई टाकून त्या कॉलनीतल्या मुलींना बीजगणित शिकवायच्या. फक्त मुलींना आणि फक्त बीजगणित. भूमितीला हात लावायच्या नाहीत. "आकृती बघून माणूस फसतो," म्हणायच्या. फी नाही, पण यायचं तर रोज यायचं. मी आणि विमल आठवीपासून जायला लागलो. त्या आम्हाला पाठीला पाठ लावून बसवायच्या. मला त्याचा राग यायचा. मी एकदा म्हटलं, "ताई, आम्ही काय एकमेकींचं बघून लिहितो का?" त्यावर त्या पाटी खाली न ठेवता म्हणाल्या, "नाही लिहीत, हे मला माहीत आहे. पण उद्या कुणी विचारलं तर मला शपथेवर सांगता यायला हवं." तेव्हा मला हे उत्तर उद्धटपणाचं वाटलं होतं.

दोन अज्ञात संख्या पहिल्यांदा शिकवल्या तो दिवस मला अजून आठवतो. ताई म्हणाल्या, नांदगावच्या बाजारात एक जण शेळ्या आणि कोंबड्या घेऊन बसलाय. मिळून डोकी तीस. शेळ्या किती, कोंबड्या किती? मी लगेच म्हटलं, पंधरा-पंधरा. विमल म्हणाली, वीस शेळ्या, दहा कोंबड्या. मग आम्ही दोघी आपापल्या उत्तरासाठी भांडलो. ताईंनी भांडू दिलं. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "दोघींचंही बरोबर. एकोणतीस शेळ्या आणि एक कोंबडी म्हणालात तरी बरोबर. एकाच गोष्टीवरून दोन गोष्टी ठरवायला गेलं की हवं ते उत्तर येतं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं." मग म्हणाल्या, आता पाय मोजा. पाय ऐंशी. आता सांगा. आम्ही पाटीवर क्ष आणि य मांडले, क्ष म्हणजे शेळ्या, य म्हणजे कोंबड्या, आणि घामाघूम होऊन दहा शेळ्या, वीस कोंबड्या काढल्या. मी ओरडले, "ताळा जुळला!" ताईंनी विचारलं, "कशात?"

हे 'कशात' आमच्या कानांवर इतकं आदळलं की विमल झोपेत बडबडायची, असं तिची आई सांगायची. ताईंचं म्हणणं साधं होतं. समजा तुम्ही क्ष काढला, पहिल्या समीकरणात घातला आणि त्यातून य काढला. आता तीच जोडी पुन्हा पहिल्या समीकरणात घालून ताळा बघितलात तर तो जुळणारच, मग क्ष साफ चुकलेला का असेना. ज्यातून उत्तर काढलं ते हो म्हणणारच. विचारायचं ते दुसऱ्याला. त्यांची आणखी एक पद्धत होती. आमच्या वहीत उदाहरण चुकलं की त्या स्वतः ते पुन्हा सोडवून द्यायच्या, खाली 'ताळा' लिहायच्या, पहिल्या समीकरणातला करून दाखवायच्या, आणि दुसऱ्यासाठी नुसतं 'दुसऱ्यात' असं लिहून पुढं जागा मोकळी सोडायच्या. "तो तुझा. तो मी करणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस." विश्वास ठेवू नका असं सांगणारी शिक्षिका मी त्यांच्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

आणि ती पेन्सिल. एका टोकाला लाल, एका टोकाला निळी, अशी जाडजूड पेन्सिल त्यांच्याकडे कायम असायची. दोन समीकरणं एकाखाली एक मांडून वजाबाकी करायची तर खालच्या ओळीतली सगळी चिन्हं बदलावी लागतात. अधिकचं वजा, वजाचं अधिक. पोरं नेमकी तिथंच घसरतात. त्यावर ताईंनी उपाय काढला होता. बदललेलं चिन्ह लाल रंगानं लिहायचं आणि त्याभोवती गोल करायचा. आम्हा दोघींनाही त्यांनी तशा पेन्सिली आणून दिल्या होत्या. दोन वर्षांत आमच्या वह्यांची पानं लाल गोलांनी भरून गेली आणि आमची वजाबाकी कधी चुकेनाशी झाली. लाल पेन्सिल हातात घेतली की हात आपोआप चिन्हं बदलायचा.

शहात्तर साली आम्ही दहावीला होतो. सहामाहीच्या निकालावर बोर्डाचे फॉर्म पाठवायचे, असा आमच्या शाळेचा नियम. माझ्यासाठी सगळं त्या फॉर्मवर अडलेलं होतं. थोरल्या बहिणीचं शिक्षण नववीत थांबलं होतं, आणि वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "वर्ष वाया गेलं तर पुढचं मी बघीन." पुढचं म्हणजे स्थळ. बीजगणिताच्या पेपरात एक उदाहरण आलं. दोन क्ष अधिक तीन य बरोबर एकोणीस. दोन क्ष वजा य बरोबर सात. अगदी हातचं उदाहरण. फक्त परीक्षेत लाल वापरायला बंदी, लाल रंग फक्त तपासणाऱ्याचा. मी निळ्या शाईनं मांडलं, वजाबाकी केली, दोन य बरोबर बारा, य बरोबर सहा. पहिल्यात घातलं, क्ष आला अर्धा. अर्ध्यानं मनात किंतू आला, नाही असं नाही. पण वेळ कमी होता. मी घाईनं ताळा केला, एक अधिक अठरा, एकोणीस. जुळला! खाली दोन रेघा मारल्या आणि पुढं गेले. कशात जुळला हे त्या दिवशी माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

चार दिवसांनी गणिताच्या सरांनी मला आणि विमलला उभं केलं. विमल माझ्या पुढच्या बाकावर होती. तिचंही उत्तर तेच निघालं. य सहा, क्ष अर्धा. सर पेपर फडकावत वर्गाला म्हणाले, "बरोबर उत्तर दोघींचं सारखं आलं असतं तर मी समजू शकलो असतो. चूक अशी सारखी येते होय? आणि तीही अर्ध्यापर्यंत?" वर्ग हसला. फॉर्म थांबवतो म्हणाले. मी विमलकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच आलं. मी तर कुणाचं बघितलेलं नाही, म्हणजे हिनंच माझं बघितलं. पुढच्या बाकावरची मुलगी मागचं कसं बघेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. माझ्या मते मान वळवायला कितीसा वेळ लागतो!

घरी काय सांगायचं या काळजीत मी संध्याकाळी ओट्यावर गेले. ताईंना सगळं आधीच कळलं होतं, कॉलनीत बातमी कुठं लपते. त्यांनी धीर दिला नाही, रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "पेपरात कसं मांडलं होतंस ते आठवून लिही." मी लिहिलं. त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या, त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मग हात पुढं करून म्हणाल्या, "तुझी वही दे. उद्या लागेल." कशाला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, पण रात्रभर त्या 'लागेल'वर खल केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी प्यायला म्हणून बाहेर आले आणि मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीच्या खिडकीशी थबकले. आत निर्मलाताई! कामावर नेसायची फिकी सुती साडी, हातात माझी वही. खाकी कव्हरवर मी काढलेलं कमळ लांबूनही ओळखू आलं. ताई एका पानावर बोट ठेवून काहीतरी सांगत होत्या आणि सर वाकून बघत मान हलवत होते. एक शब्द ऐकू येत नव्हता. पण ऐकायची गरजच काय? माझी वही, कारण न सांगता माझ्याकडून नेलेली, माझ्यावर आळ घेणाऱ्या माणसासमोर उघडलेली. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकणारी बाई. पाठीला पाठ लावून बसवणारी. 'शपथेवर सांगता यायला हवं' म्हणणारी. सगळं कसं चोख जुळत गेलं. मला असा संताप आला की डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच सुकलं.

तासाभरानं मला बोलावणं आलं. ताई गेल्या होत्या. मोठ्या बाईंनी एक नवं उदाहरण दिलं आणि फळ्यावर सोडव म्हणाल्या. सर हाताची घडी घालून उभे. मी रागाच्या भरात मांडलं, आणि वजाबाकीशी येऊन हात थांबला. खाली फळीवर पांढऱ्या खडूंमध्ये एक लाल खडू पडला होता. आमच्या शाळेत लाल खडू म्हणजे चैन, नकाशे काढताना भूगोलाच्या बाई तेवढा बाहेर काढायच्या. माझं नशीब म्हणून तो तिथं राहिला, असं मी समजले. मी तो उचलला, चिन्हं बदलली, गोल केले, उत्तर काढलं, आणि ताळा दोन्हीत करून दाखवला, खडू जवळजवळ मोडेल इतका जोर देऊन. मोठ्या बाई सरांकडे बघून म्हणाल्या, "पाठवा फॉर्म." मी जिंकले होते. ताईंच्या नाकावर टिच्चून जिंकले होते, असं मला वाटलं, आणि त्या 'वाटण्या'वर मी पुढची बारा वर्षं काढली.

त्याच आठवड्यात ताई आमच्या घरी आल्या. त्या कुणाकडे जायच्या नाहीत, म्हणून आई गडबडली. मी आतल्या खोलीत होते. आईला खूण करून सांगितलं, नाहीये म्हणून सांग. आईला खोटं जमत नाही, तरी ती म्हणाली, "सुनंदा मैत्रिणीकडे गेलीय, निर्मलाबाई." माझ्या चपला उंबऱ्याशीच होत्या, एक उलटी पडलेली. हजार तावांतून फाटकी रेघ शोधणाऱ्या बाईला त्या दिसल्या नसतील, हे शक्यच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. आली की सांगा, वही माझ्याकडे आहे. येऊन घेऊन जा म्हणावं." पावलं वाजत गेली. मी दाराच्या फटीतून बघितलं. जाता जाता त्यांनी वाकून माझी उलटी चप्पल सुलटी करून ठेवली होती.

मी गेले नाही. वहीवाचून माझं काही अडलं नाही. दहावीला मला गणितात चांगले गुण मिळाले, पुढं बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, नांदगावला शाळेत लागले. गंमत बघा, वर्गात माझ्या तोंडून सगळं ताईंचंच बाहेर पडतं. तीच डोकी आणि तेच पाय. मुलगी म्हणाली, "बाई, ताळा जुळला," की मी विचारते, "कशात?" कुणाकडून शिकलात, असं एकदा एका सहकारी बाईंनी विचारलं, तर मी म्हटलं, असंच, सुचलं. नाव घ्यायला जीभ वळली नाही. माहेरी गेले की ओट्यावरून न जाता मागच्या गल्लीनं जायचे. एकदा समोरासमोर आलो. त्यांचे केस पिकले होते. त्या थांबल्या, काही बोलणार तोच मी रिक्षाला हात केला. आता त्या हाताची मला चीड येते.

रविवारी पॅसेंजरनं नाशिक रोडला उतरले तेव्हासुद्धा मी मनाशी पक्कं केलं होतं, जायचं, बसायचं, वंदना झाली की उठायचं. ओट्यावर मांडव टाकला होता. शोभावहिनींनी, म्हणजे ताईंच्या भावजयीनं, मला ओळखलं आणि हात धरला. सहा महिने छातीचं दुखणं होतं म्हणाल्या. वंदना झाली, ताईंच्या खात्यातल्या बायका दोन शब्द बोलल्या. एक जण म्हणाली, त्यांच्या हाताखालून चुकीचा ताव कधी सुटला नाही. मी मान खाली घालून बसले होते. नंतर विमल माझ्या शेजारी येऊन टेकली. अंगानं भरली होती, बोलण्यात येवल्याकडचं 'लय' आलं होतं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

"तू वही न्यायला आली नाहीस ना," ती म्हणाली. "ताईंनी लय वाट बघितली."

"शाळेत नेऊन दाखवायला वही बरी आठवली होती त्यांना," मी म्हटलं. माझाच आवाज मला कडवट लागला.

विमल माझ्याकडे वळली. "दाखवायला? अगं, मी आतच होते की तेव्हा, कपाटापाशी उभी. मला तुझ्याआधी बोलावलं होतं." आणि मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. "ताईंनी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. माझी आणि तुझी. म्हणाल्या, बघा, दोन वर्षांत प्रत्येक वजाबाकीला लाल गोल आहे. ही सवय मी लावली. परीक्षेत लाल चालत नाही हे माझ्या ध्यानात आलं नाही. लाल काढून घेतला तशी दोघी एकाच जागी पडल्या. मुलींनी एकमेकींची नक्कल केलेली नाही. चूक माझी आहे. सर म्हणाले, कशावरून? तर ताई म्हणाल्या, हे बरोबर विचारलंत. विमल इथंच ऐकतेय, सुनंदाला बोलवा, नवं उदाहरण द्या, आणि फळ्यापाशी एक लाल खडू ठेवा. तिला काही सांगू नका. मग बघा. ... तो खडू भूगोलाच्या बाईंकडून मागून आणायला लावला त्यांनी."

पण माझा स्वभाव कुठं जातो! पहिला विचार हाच आला की ही आता रचून सांगतेय, मेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच बोलतात. मी विचारलं, "मग बारा वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तू मला बघून रस्ता बदलायचीस. मला वाटलं, ताई आपल्याला पाठीशी घालतायत, खरं तर आपलं बघून लिहिलं हिनं, आता तोंड दाखवायची लाज वाटते."

"मी? तुझं?"

"तू मागच्या बाकावर होतीस बाई! मागचीच बघणार ना पुढचीचं!"

बारा वर्षं आम्ही दोघी एकमेकींना चोर समजत होतो. त्या मांडवात मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं ते थांबेना. विमल पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मी तुझ्या आईकडं सांगणार होते. पण ताईंनी बजावलं होतं, चूक माझी आहे, सुनंदाला मीच सांगणार, तू मधे पडू नकोस. तुझ्या दारात जाऊन आल्या. मग म्हणाल्या, येईल की वही न्यायला, तेव्हा बोलू. दरवर्षी विचारलं की तेच. येईल की. ... माझी वही मी दुसऱ्याच दिवशी नेली. उभ्याउभ्या दुसरा ताळा करवून घेतला माझ्याकडून, तेव्हा कुठं हातातून सोडली."

शोभावहिनींनी आत नेलं. ताईंची खोली तशीच होती, खाट, पत्र्याची पेटी, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खिडकीत पाटी. पाटीशेजारी ती पेन्सिल. मी उचलून बघितली. निळं टोक झिजून इंचभर उरलं होतं. लाल टोकाला तर चाकूसुद्धा लागलेला नव्हता. वहिनी म्हणाल्या, "आमच्या मुलींना लाल लावूच द्यायच्या नाहीत. मनात बदल म्हणायच्या, रंगावर जाऊ नकोस." मग त्यांनी पेटी उघडली. वर साड्या, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वही. खाकी कव्हर, कमळाचा रंग उडालेला. वहिनींना वाटत होतं कुणा विद्यार्थिनीची राहिली असेल, कित्येक वर्षं ताई ती टाकू देत नव्हत्या.

वही घेऊन मी नांदगावला परत आले. गाडीत उघडायचा धीर झाला नाही. घरी आल्यावर टेबलाशी बसून शेवटचं लिहिलेलं पान काढलं. ताईंच्या ठसठशीत अक्षरात तेच उदाहरण. दोन क्ष अधिक तीन य बरोबर एकोणीस. दोन क्ष वजा य बरोबर सात. खालची चिन्हं निळ्यानंच बदललेली, गोल नाहीत. चार य बरोबर बारा. य तीन, क्ष पाच. खाली 'ताळा'. पहिल्यात, दहा अधिक नऊ, एकोणीस. जुळतो. त्याच्या खाली 'दुसऱ्यात' असं लिहून पुढं जागा मोकळी सोडलेली.

मी त्या मोकळ्या जागेकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. त्या दिवशी खिडकीतून जे दिसलं त्यातून मी एक उत्तर काढलं होतं, आणि शंका आली की प्रत्येक वेळी पुन्हा त्याच खिडकीपाशी जाऊन ते पडताळून बघत होते. प्रत्येक वेळी ते चोख जुळत होतं. ज्यांनी मला 'कशात?' असं विचारलं असतं, त्यांच्याशीच मी बोलत नव्हते. वही माहेरापासून तीन गल्ल्या पलीकडे होती, ताई ओट्यावर होत्या. जाऊन हात पुढं करायला किती वेळ लागला असता? मी फार मोठी चूक केली, ताई. हे त्यांच्यासमोर म्हणायचं राहिलं, म्हणून इथं लिहिते.

मग मी पेन उघडलं. पाच दुणे दहा. दहातून तीन गेले, सात. त्या मोकळ्या जागेत लिहिलं आणि पुढं, त्या मारायच्या तशी, एक बारीक रेघ मारली. जुळला. घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी मी जरा थांबले, त्यांनी विचारायला जेवढा वेळ लागायचा तेवढी, आणि मोठ्यानं म्हटलं, "दुसऱ्यात."